मांजरसुंब्याच्या घाटात कॅनडा

“ताट द्या इकडं! आमी काय तव्यावरच जेवावं का?” मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, तेव्हा भारतराव ओसरीवर खुर्चीत बसून बर्फात गाडी चालवत होते.

एप्रिलचं ऊन होतं. छताचे पत्रे तापून कडकड वाजत होते. भारतरावांच्या दोन्ही हातांत जेवणाचं स्टीलचं ताट होतं, डोळे मिटलेले होते आणि गाडीचा मागचा भाग उजवीकडे घसरत चालला होता. त्यांनी ताट अलगद उजवीकडे वळवलं. ब्रेक दाबला नाही. गाडी सावरली. मग त्यांनी डोळे उघडले, घाम पुसला आणि ताट आत नेऊन बायकोला दिलं.

भारतराव केजच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. सगळी हयात पुस्तकांच्या कपाटांमध्ये गेली. माणसाशी बोलायचं म्हटलं की ते आधी पुस्तकात डोकं घालत. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली, पण ती गावाच्या वेशीबाहेर फारशी गेली नव्हती. मागून कुणी हॉर्न वाजवला की ते गाडी कडेला घेत आणि आपलं नेमकं काय चुकलं असेल याचा विचार करत बसत.

अशा माणसावर बर्फात गाडी चालवायची पाळी आली ती लेकीमुळे. आम्रपाली आणि जावई सौरभ कॅनडात राहत. त्यांची मुलगी यशोधरा. तिला भारतरावांनी आजवर फोनच्या काचेतूनच पाहिलं होतं. तिला मांडीवर घेऊन गोष्टी वाचून दाखवायच्या म्हणून त्यांनी पिशवीभर पुस्तकं जमवून ठेवली होती. पण आम्रपालीनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “बाबा, पुढच्या हिवाळ्यात सौरभला पहाटेची पाळी आणि मला रात्रीची. यशूला शाळेत सोडणारं कुणीतरी हवंय. बर्फात गाडी चालवता आली पाहिजे. आणि खोली एकच आहे. एक तर तुम्ही या, नाहीतर तिचे दुसरे आजोबा. तुम्ही दोघं मिळून ठरवा.”

दुसरे आजोबा म्हणजे भारतरावांचे व्याही, सौरभचे वडील बंकटराव, उमापूरचे. गेवराई-उमापूर रस्त्यावर त्यांनी जन्मभर वडाप जीप चालवलेली. आत जेवढी माणसं तेवढीच टपावर. त्यांच्यापुढे आपला काय निभाव लागणार, असं भारतरावांना रोज सकाळी वाटे आणि रोज रात्री पुन्हा वाटे. मग त्यांनी केलं ते आयुष्यभर जे केलं तेच. पुस्तक मिळवलं. कॅनडाच्या वाहनचालकांसाठी असलेल्या त्या पुस्तकातलं हिवाळ्याचं प्रकरण त्यांनी पाठ केलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हलवावी. समोरच्या गाडीपासून लांब राहावं. घसरली तर ब्रेक दाबू नये. मागचं अंग ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला स्टेअरिंग वळवावं. गाडीत वाळू, फावडं, पांघरूण आणि खायचं असावं. आणि चाकांना घालायच्या लोखंडी साखळ्या असाव्यात.

साखळ्या त्यांनी बंकटरावांकडूनच, कशाला हव्यात ते न सांगता, मागवून घेतल्या. म्हशी विकल्यावर त्यांच्या गोठ्यात पडून असलेल्या दावणीच्या साखळ्या. त्या चाकाच्या मापाच्या करून घ्यायला ते केजच्या वेल्डरकडे गेले.

“सर, कोन्त्या जनावराला घालायच्यात?” वेल्डरनं विचारलं.

“गाडीला.”

वेल्डरनं चष्मा वर केला. “का? पळून जाती का काय?”

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारभर झाली होती.

आणि एका संध्याकाळी बंकटराव स्वतःच केजला येऊन थडकले. रात्रभर मुक्काम केला, सकाळी चहा बशीत ओतला आणि सरळ विषयाला हात घातला. “सर, आपुन इवाई-इवाई. भांडायचं कावून? एक करू. आज मला तुमच्या गाडीनं उमापूरला सोडा. मी शेजारी गप बसतो. दारापस्तोर तुमी एकट्यानं नेली, तर कॅनडाला तुमी जायचं. मधी मला स्टेअरिंग हातात घ्यावं लागलं, तर मी.”

“उमापूर?” भारतरावांचा आवाज बारीक झाला. केजहून बीड, बीडहून गेवराई, पुढे उमापूर. मध्ये मांजरसुंब्याचा घाट.

“मंजूर हाय,” आतून मनकर्णाबाई म्हणाल्या. “मी बी येते. इहीनबाईला भेटून बरेच दिस झाले.”

मग छबुबाई आक्काही निघाल्या. आक्का भारतरावांच्या थोरल्या बहीण. ऐंशीच्या घरात, पण काठी फक्त माणसांना बाजूला सारायला वापरत. सोयऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून त्यांनी खताच्या रिकाम्या पोत्यात नवी ज्वारी भरून डिक्कीत टाकायला लावली. डिक्कीत तशाच दुसऱ्या पोत्यात भारतरावांची वाळू होती. त्यामुळे साखळ्यांच्या पिशवीला जागा उरली नाही, आणि ती मागच्या सीटखाली आक्कांच्या पायापाशी आली.

“ह्ये काय हाय रे पायात? टोचतंय.”

“आक्का, चाकाच्या साखळ्या आहेत. बर्फासाठी.”

आक्कांनी खिडकीबाहेरचं रखरखतं ऊन बघितलं. मग भावाकडे बघितलं. मग पाय उचलून पिशवीवरच ठेवले.

नेकनूरपर्यंत सगळं ठीक चाललं. बंकटराव शेजारी गप बसले होते, म्हणजे प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता, पण तोंडानं ते काही म्हणत नव्हते. एका बैलगाडीनं त्यांना मागे टाकलं तेव्हा मात्र त्यांनी मान वळवून बैलांकडे बराच वेळ पाहिलं.

नेकनूर मागे पडलं आणि उजेड गेला. बघता बघता आभाळ काळंनिळं झालं. वारा सुटला, रस्त्यावर पाचोळा गरगरला, आणि टपावर एक दगड पडल्यासारखा आवाज झाला. मग दुसरा. मग मोजण्यासारखं काही उरलंच नाही.

“गारा!” मनकर्णाबाई किंचाळल्या. “आवो, गारा पडायल्यात! लिंबाएवढ्या हायेत!”

टपावर कुणी खडीचा ट्रक ओतावा तसा आवाज सुरू झाला. समोरची काच पांढरी झाली. भारतराव गाडी मुंगीच्या पावलानं पुढे नेत आडोसा शोधू लागले. त्यांना पाठ केलेलं काहीच आठवेना. फक्त ताट आठवत होतं. अचानक मागून गार वारा आला आणि दोन गारा त्यांच्या मानेवर येऊन फुटल्या.

“आक्का, काच लावा! काच कशाला उघडली?”

“लावते, लावते! वरडू नको!”

काच लागली. घाट सुरू होतो तिथं एक मोठं वडाचं झाड दिसलं. भारतरावांनी गाडी त्याच्याखाली घेतली, आणि जसं सुरू झालं तसंच ते सगळं एकाएकी थांबलं.

चौघंही खाली उतरले आणि उभे राहिले. रस्ता नव्हता. शेतं नव्हती. सगळीकडे घोट्याएवढा पांढरा थर होता. त्यातून वाफ निघत होती. घाटाचा उतार साबुदाणा सांडल्यासारखा खालपर्यंत चमकत होता. एक मोटारसायकल आडवी पडली होती आणि तिचा मालक तिच्या शेजारी बसून गारांकडे बघत होता. मागे एसटी येऊन थांबली. तिच्यामागे जीप, ट्रक, टेम्पो. ड्रायव्हर लोक एकेक करून उतरले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

बंकटरावांनी एक पाऊल टाकलं. ते पाऊल पुढे गेलं आणि बंकटराव मागे राहिले. त्यांनी गाडीचं दार धरलं. “आयला,” ते हळूच म्हणाले. “ह्याच्यावर गाडी चालवतेत तिथं?”

“रोज,” भारतराव म्हणाले.

“रोज?” बंकटरावांचा चेहरा उतरला. मग त्यांनी स्वतःला सावरलं. “सर, आता हट नका करू. ह्यो घाट हाय. चावी द्या इकडं.”

आणि तेव्हा एक अशी गोष्ट घडली की मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. भारतराव म्हणाले, “नाही.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना परीक्षेत पाठ केलेला प्रश्न आला होता. “इवाई, हेच तर शिकलोय मी. आधी साखळ्या. आक्का, ती पिशवी द्या बरं.”

आक्कांनी रिकामी पिशवी पुढे केली.

भारतरावांनी पिशवीत हात घातला. मग डोकं घातलं. “साखळ्या कुठायत?”

“फेकल्या.”

“फेकल्या?”

“मंग? गार पडली की दारात लोखंड टाकायचं असतंय, येवढं ठावं न्हाई व्हय तुला? आपल्या आईनं कुऱ्हाड टाकली न्हवती का? गाडीत दुसरं लोखंड कुठं व्हतं?” आक्कांनी काठीनं आभाळ दाखवलं. “थांबली का न्हाई गार?”

“आक्का, ही अंधश्रद्धा आहे!”

“आसंल. थांबली का न्हाई ते सांग.”

भारतरावांनी मागच्या रस्त्याकडे पाहिलं. सगळा पांढराशुभ्र होता. त्याखाली कुठेतरी साखळ्या होत्या. फावडं घेऊन त्यांनी थोडं उकरून पाहिलं आणि सोडून दिलं.

“माज्या म्हशीच्या साखळ्या व्हत्या त्या,” बंकटराव पुटपुटले. पण त्यांनी पुन्हा चावी मागितली नाही. ते अजून दार धरूनच उभे होते.

भारतराव गाडीत बसले, त्यांच्यापाठोपाठ बाकीचेही. दुसरा गिअर टाकला. क्लच इतका हळू सोडला की गाडी हलली हे त्यांना झाड मागे सरकल्यावर कळलं. चाकांखाली गारा करकरल्या. पहिल्याच वळणाला गाडीचं मागचं अंग उजवीकडे निघालं. मागून मनकर्णाबाई ओरडल्या, “ब्रेक मारा! ब्रेक!” भारतरावांनी ब्रेक मारला नाही. त्यांनी डोळ्यांसमोर ताट आणलं आणि ते अलगद उजवीकडे वळवलं. गाडी सरळ झाली.

भारतरावांना स्वतःचाच धक्का बसला होता. पुस्तकात लिहिलेलं खरं असतं हे ते पोरांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. पण खरं सांगायचं तर त्यांना स्वतःला त्याची खात्री नव्हती.

“ओ सर!” मागच्या एसटीतून कंडक्टर ओरडला. “आसंच चालू द्या! तुमच्याच चाकोरीनं येतोत आमी!”

भारतरावांनी आरशात पाहिलं. एसटी, जीप, ट्रक, टेम्पो, सगळी रांग त्यांच्या मागे त्यांच्याच वेगानं येत होती. आयुष्यात पहिल्यांदा मागे कुणीही हॉर्न वाजवत नव्हतं. बंकटरावांचीही छाती फुगली. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि हात हलवत हुकूम सोडू लागले. “ए, लांब राहा बे! चिटकू नको! आमचे इवाई कॅनडाचं पुस्तक वाचून चालवायलेत!”

पुढे मोठा उतार आला. भारतरावांनी गाडी हळूहळू थांबवली. “आता वाळू. चाकांपुढे पसरायची म्हणजे पकड येते.”

“तुमी बसा सर. मी हाय न.” बंकटराव उतरले, दारं धरत धरत डिक्कीपर्यंत गेले. सगळी रांग बघत होती, मोबाईल निघाले होते, म्हणून त्यांना घाई होती. त्यांनी समोरचं पोतं उचललं, सुतळी तोडली आणि दोन्ही चाकांपुढून खालपर्यंत सगळं पोतं उपडं केलं. “चला, येऊ द्या!”

भारतरावांनी क्लच सोडला. पुस्तकात वाळूबद्दल लिहिलं होतं. ज्वारीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

गोल गोल ज्वारी गोल गोल गारांवर सुटली आणि तिच्यावर गाडी सुटली. ती उजवीकडे गेली, भारतरावांनी उजवीकडे वळवलं. ती डावीकडे गेली, त्यांनी डावीकडे वळवलं. मग ती एकदम दोन्हीकडे गेली. झाडं, डोंगर, बंकटराव, झाडं, डोंगर असं सगळं खिडकीतून गेलं आणि गाडी थांबली. भारतरावांनी डोळे उघडले. समोर ज्वारीवरून घसरत आलेली एसटी होती. बंपरला बंपर लागायचा तेवढा बाकी होता. एसटीचा ड्रायव्हर दोन्ही हात वर करून बसला होता.

कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं. “सर, कावून परत निघालाव?”

मागच्या सीटवर आक्का काठी घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांनी बाहेर पाहिलं आणि त्यांचा जीव तिथंच अडकला. “माजी ज्वारी! आवो इवाई, तुमच्याच घरी चालली व्हती न ती!”

बंकटराव रिकामं पोतं हातात धरून उभे होते. त्यांनी पोत्यात वाकून पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि पोतं हळूच पाठीमागे लपवलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण घाटाच्या कडेला, दरडीच्या आडोशाला नवनाथ नावाच्या मेंढपाळाचा कळप गारांना घाबरून उभा होता. मेंढ्यांना ज्वारीचा वास गेला. एक आली, दोन आल्या, मग सगळा कळपच रस्त्यावर उतरला. गाडीच्या पुढे, मागे, खाली, एसटीच्या चाकांत, जिकडे बघावं तिकडे लोकर.

“आरं हाकल की त्यांना!” बंकटराव ओरडले.

“खाऊ द्या की सायेब,” नवनाथ डोक्यावरचं घोंगडं झटकत म्हणाला. “बिचाऱ्यांनी मार खाल्लाय गारांचा. अन् कुणी सांडली ती ज्वारी?”

भारतराव स्टेअरिंग धरून बसून राहिले. एक मेंढी काचेतून त्यांच्याकडे बघत चावत होती. यशू, पुस्तकांची पिशवी, कॅनडा, सगळं या ज्वारीबरोबर संपत चाललंय असं त्यांना वाटलं.

मेंढ्यांनी दाणा न् दाणा वेचला तोवर आभाळ फाटून ऊन पडलं, एप्रिलचं, खणखणीत. गारांचं पाणी झालं, पाणी ओघळीनं दरीत गेलं, आणि घाट बघता बघता काळा, ओला, नेहमीचा झाला. एसटी निघून गेली. ट्रक निघून गेले. थोड्याच वेळात खालून एक टेम्पो चढून आला. त्याच्या ड्रायव्हरनं उलट्या तोंडाच्या गाडीकडे, फावड्याकडे आणि मांडीवर घोंगडी घेऊन बसलेल्या मनकर्णाबाईंकडे पाहिलं. “काय झालं हो?”

“बर्फ पडला होता,” भारतराव म्हणाले.

ड्रायव्हरनं कोरड्या आभाळाकडे पाहिलं. “पाणी पीत जा सर उन्हाचं,” तो म्हणाला आणि गेला.

भारतरावांनी गाडी वळवली. बंकटराव शेजारी बसले. खरंखुरं गप. बीड गेलं, गेवराई गेली. भारतरावांच्या लक्षात आलं की स्टेअरिंग अजून आपल्याच हातात आहे. करार मोडलेला नाही. उमापूरची कमान दिसली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. यशू आता हाताच्या अंतरावर होती.

बंकटरावांच्या वाड्यात गाडी वळली. समोर ओट्यावर रुक्मिणीबाई, बंकटरावांच्या बायको, हसत उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी कडब्याची गंज. “बास, बास सर. हितंच थांबवा,” बंकटराव म्हणाले.

भारतरावांनी क्लच दाबला. ब्रेककडे गेलेला पाय वाटेतच थबकला. महिनाभर रोज ताट धरून त्यांनी त्या पायाला एकच गोष्ट शिकवली होती.

“ब्रेक! सर, ब्रेक!”

“दाबायचा नसतो...” भारतराव पुटपुटले आणि गाडी अत्यंत सावकाश, पुस्तकात लिहिलेल्या वेगानं, कडब्याच्या गंजीत शिरली. पेंढ्या घरंगळत टपावर आल्या. कडब्यातून फक्त वायपर हलताना दिसत होते.

सगळ्यांना ओढून बाहेर काढलं. कुणाला काही लागलं नव्हतं. भारतरावांच्या डोक्यावर कडबा होता. ते खाली मान घालून म्हणाले, “इवाई, तुम्हीच जा कॅनडाला.”

“मी?” बंकटराव दचकून मागे सरले. “न्हाई न्हाई. दारापस्तोर तुमीच आणली, ठरल्यापरमानं तुमीच जायचं. मी बघितला बर्फ. लई झाला. मला तिथं पाय ठिवायचा न्हाई.”

“अहो, पण मी तर कडब्यात...”

“कडबा तिथं नसतोय सर. तुमी जा.”

असं दोघं एकमेकांना कॅनडा देत असतानाच फोन वाजला. आम्रपाली होती. तिकडे सकाळ होती. कुणीतरी घाटातला व्हिडिओ पाठवला होता, तो फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला होता. “बाबा! ती गोल फिरणारी गाडी आपलीच ना? आणि ज्वारी कुणी टाकली?”

बंकटराव ओट्याच्या खांबामागे गेले.

भारतरावांनी घसा खाकरून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आम्रपालीच्या मागे खिडकीतून बर्फ पडताना दिसत होता, दाट, संथ. यशू खिडकीला नाक लावून उभी होती. “आज पुन्हा शाळेला उशीर,” आम्रपाली म्हणाली. “एप्रिल आला तरी थांबत नाही मेला.”

आक्कांनी भावाच्या हातातून फोन घेतला आणि तोंडाजवळ धरला. “आमे, दारात लोखंड टाकलं का?”

“काय, आत्या?”

“लोखंड ग. कुऱ्हाड, पान्हा, काय आसंल ते. टाक की दारात. तुमच्या तिथं कुणीच टाकीत न्हाई म्हून येवढं पडतंय.”

आम्रपाली हसली, पण यशूनं आईचं ऐकण्याआधीच आजीचं ऐकलं. फोनमध्ये काहीतरी खणखणलं, दार उघडल्याचा आवाज आला, आणि धप्प झालं. मग सगळे वाट बघत राहिले. भारतराव हे चूक आहे, योगायोग वेगळा आणि कारण वेगळं, असं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात यशू किंचाळली, “आई! थांबलं!”

आम्रपालीनं खिडकीकडे पाहिलं. मग खिडकी उघडून हात बाहेर काढून पाहिला.

“मला ही आजी पाहिजे,” यशूनं जाहीर केलं. “लोखंडवाली.”

“बाबा,” आम्रपाली शेवटी म्हणाली, “गाडीचं आणि खोलीचं मी आणि सौरभ काहीतरी बघू. आत्यांचा पासपोर्ट काढायला टाका. आणि त्यांच्यासोबत तुम्ही या. पुस्तकं घेऊन या. पण तुम्ही मागच्या सीटवर बसायचं.”

भारतरावांनी मान डोलावली. मनकर्णाबाईंनी त्यांच्या डोक्यावरचा कडबा एकेक काडी करून काढायला घेतला.

आक्का मात्र फोन बंद व्हायच्या आतच उठल्या होत्या. काठी टेकत गोठ्याच्या दाराशी गेल्या आणि आत डोकावल्या.

“इवाई,” त्यांनी खांबाकडे बघून हाक मारली, “म्हशीची एखादी साखळी राह्यली का न्हाई? माज्या पिशवीत टाकून द्या. तिथलं लोखंड कसं आसंल, काय ठाव.”